नव्या कर्नलला फळी कळेना

"आता कर्नल बदलावा लागणार," असं मी सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, तर आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "देवळालीला फोन लावू का? तिथं पुष्कळ आहेत. मिशीवाला बघून एक धाडून द्या म्हणतो."

नाशिकच्या माणसाला कर्नल म्हटलं की देवळालीचा कॅम्पच आठवणार, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, "अहो, लष्करातला नाही. श्रीखंडातला."

"श्रीखंडातला कर्नल!" असं म्हणून ते इतके हसले की चहा बशीत सांडला. मग बशीतला चहा पिऊन झाल्यावर, नेहमीचं ठरलेलं वाक्य आलं, "चालतंय ना? मग हात लावू नको." उभी नोकरी ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून झाली त्यांची. चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हे तिथं शिकले आणि घरी येऊन मिक्सरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना लावलं.

पण चालत नव्हतं ना. तीच तर अडचण होती.

आधी श्रीखंड म्हणजे काय ते सांगते. आमच्या विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिच्या भिंतीला एक छोटा कंप्युटर टांगलेला आहे. साबणाच्या वडीएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर चिपा डकवलेल्या. ना पडदा, ना बटणं. लेकीनं पाठवला होता, "आई, तुला खेळायला" म्हणून. ह्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन घेतला, तापलेल्या सळईनं बाजूला भोकं पाडली, वायरी बाहेर काढल्या आणि त्यात तो बसवला. डब्यावरचं केशराचं चित्र अजून आहे. तेव्हापासून घरात त्याला श्रीखंडच म्हणतात. पाहुणे आले आणि कोणी ओरडलं, "श्रीखंडाला मुंग्या लागल्या," तर पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ह्या श्रीखंडाचं काम एकच, पाणी कुणाला द्यायचं ते ठरवणं.

माझ्या सासऱ्यांनी दोघा भावांची वाटणी केली तेव्हा सगळं वाटलं. घर वाटलं, जमीन वाटली, तांब्याची भांडी वाटली, एक पितळी घंगाळ होतं ते वाटता येईना म्हणून देवळात दिलं. राहिली विहीर. विहिरीला काय कापायचं? ती दोघांत राहिली. वरच्या अंगाला आमचे गुलाब, खालच्या अंगाला धाकट्या दिरांचा झेंडू. दोन घरांत आता सामाईक म्हणावं असं तेवढंच एक उरलं आहे. दोन चुली, दोन उंबरे, मधे कमरेएवढी भिंत, आणि एक विहीर.

आता ठिबक आहे, नळ्या आहेत, बटणावर उघडणारे व्हॉल्व्ह आहेत. आधी ह्यातलं काही नव्हतं. पाटानं पाणी जायचं आणि दारं धरायला मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी. हे सकाळी ओझरच्या बसला जायचे, दीर फुलांच्या पाट्या घेऊन गंगेवर बाजाराला. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) मग शेतात आम्ही दोघीच. ती निफाडकडची, मी नामपूरकडची. लुगडं वर खोचून, फावडं घेऊन, घोट्याएवढ्या चिखलात उभं राहायचं. एक वाफा भरला की माती ओढून त्याचं तोंड बंद, पुढच्याचं उघड. मधल्या वेळात बोलणं. काय बोलायचो ते विचारू नका. सासूबाईंवर बोलायचो, दुसरं काय. पण सासूबाई गेल्या त्या वर्षी दारं धरताना आम्ही दोघी त्यांच्याच आठवणी काढून रडलो, आणि वाफा फुटून पाणी रस्त्यावर गेलं.

ह्या कामात मी जावेपेक्षा तयार होते, कारण माझा बाप पाटकरी होता. आमच्या बागलाणात मोसम नदीवर बंधारे आहेत, त्यातून पाट निघतो आणि पाटाखाली साऱ्या गावाचं शिवार एकत्र भिजतं. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते पाटकरी ठरवतो. जमीनदार असो की एका पट्टीचा धनी, पाण्याला हात कुणी लावायचा नाही, पाटकऱ्यानंच. मी लहान असताना बापाबरोबर जायची. चारीच्या तोंडाशी एक लाकडी फळी असायची. फळी लावली की पाणी बंद, काढली की चालू. बाप पाटाच्या वरच्या टोकाला उभा राहायचा, मला खालच्या चारीवर पाठवायचा, आणि तिकडून ओरडायचा, "फळी शे का?"

शे म्हणजे आहे. आमच्या अहिराणीत तसंच म्हणतात. फळी लावलेली असेल तर मी ओरडायची, "शे!" काढलेली असेल तर, "नही!"

एकदा मी म्हटलं, आबा, तुम्ही पाणी आहे का असं का नाही विचारत? तर म्हणाला, "पाणी मागून येतं बाई. फळी काढल्यावर इथपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. तू 'नाही' म्हणशील आणि ते वाटेत असेल. फळीचं तसं नाही. शे तर शे, नही तर नही."

ही हाक मी सासरी आणली. धाकटीला ती ऐकून इतकं हसू यायचं. निफाडकडच्यांना अहिराणी म्हणजे गंमतच वाटते. पण पाटाच्या दोन टोकांना दोघी उभ्या असलो की तीच हाक कामाला यायची. मी वरून, "फळी शे का?" ती खालून, मुद्दाम नाकात आवाज काढून, "श्येऽऽ!" पलीकडच्या मळ्यातली माणसंसुद्धा आम्हाला चिडवायची.

मग ठिबक आलं. मग श्रीखंड आलं, आणि ते मीच आणलं. गुडघे दुखायला लागले होते, तिचेही आणि माझेही. कंप्युटर मी लेकीच्या जुन्या मशीनवर शिकले. नववीनंतर शाळा सुटली होती, इंग्रजी वाचायला यायचं पण एकेक अक्षर लावून. लेक नोकरीला गेली, मशीन मागं राहिलं, आणि दुपारी करायचं काय? गुलाब तर सकाळीच तोडून होतात. चुकत-माकत शिकले. इंटरनेटवर अशी मंडळी असते, आपण अडलो की विचारायचं, कोणीतरी उत्तर देतं. तिथं मला कोणी वय विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, पडद्यावर काय लिहून आलं? ते जसंच्या तसं इथं चिकटवा.

तर श्रीखंडाला मी शिकवलं. आज वर पाणी, उद्या खाली. दसऱ्याच्या आधीचा महिना झेंडूला जास्त लागतं, म्हणून तेव्हा दोन पाळ्या खाली आणि एक वर. हा करार सासऱ्यांच्या वेळचा, मी फक्त कंप्युटरच्या भाषेत लिहिला. वीज आली की मोटार आपोआप चालू होते, श्रीखंड व्हॉल्व्ह उघडतं, आणि आम्ही दोघी आपापल्या घरात. काम सुटलं. बोलणंही सुटलं, हे मात्र उशिरा लक्षात आलं. भिंत कमरेएवढीच होती, पण तिच्यापाशी यायला कारण लागतं की नाही?

गेल्या वर्षी घरात नवीन फायबरचं इंटरनेट घेतलं आणि श्रीखंड रुसलं. नव्या वाय-फायशी त्याचं जमेना. तुम्ही म्हणाल, इंटरनेटचा आणि पाण्याचा काय संबंध? संबंध असा की ह्या छोट्या बोर्डाच्या पोटात घड्याळाचा सेल नसतो. वीज गेली की त्याला तारीख आठवत नाही, परत आली की ते इंटरनेटला विचारतं, आज कोणता वार? विचारायची सोयच राहिली नाही, मग त्याला वाटेल तो वार. शेताच्या विजेचं तुम्हाला माहीतच आहे. गेली की गेली. रोज मी जाऊन त्याला तारीख सांगायची. एखाद दिवशी विसरले की पाळी चुकली. आणि नशीब असं की चुकायची ती धाकटीचीच.

त्यात भाद्रपदात पावसानं दडी मारली. झेंडूला कळ्या धरल्या होत्या. एक दिवस ती भिंतीपाशी आली, कितीतरी दिवसांनी. मला बरं वाटलं, पण ती कामाचंच बोलायला आली होती.

"अक्का, पोरगं म्हणतंय आपली बोअर मारू. रोजची कटकट नको."

"अगं, आणि विहीर?"

"विहीर तुम्हाला घ्या. आम्ही काय मागत नाय." मग म्हणाली, "मी त्याला म्हटलंय, दसऱ्यापर्यंत बघू. पण झेंडू वाळला तर मला नाय म्हणता येणार, अक्का."

म्हणून मी त्या दिवशी चहाला म्हणाले की कर्नल बदलावा लागणार.

मी मंडळीत विचारलं होतं. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या एकानं, बाई की पुरुष ते मला आजही ठाऊक नाही, स्वच्छ सांगितलं, "तुमच्या बोर्डावरचा कर्नल बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला आहे. त्यांनी तो एकदा दिला आणि सोडून दिला. नवीन वाय-फाय त्याला कधीच कळणार नाही. मेनलाइन कर्नल घाला. तुमचा बोर्ड त्यात आता चालतो."

ह्यांना समजावताना मला बापच आठवला. म्हटलं, "अहो, कर्नल म्हणजे पाटकरी. कंप्युटरच्या आत किती तरी प्रोग्राम असतात. प्रत्येकाला वायरी पाहिजेत, मेमरी पाहिजे, वेळ पाहिजे. कुणी परस्पर हात लावायचा नाही. कर्नल ज्याला सोडेल त्याला मिळणार. आपल्या श्रीखंडात एका ठेकेदारानं ठेवलेला पाटकरी होता. त्याच्या खुणा त्यालाच ठाऊक. ठेकेदार गेला निघून, आता त्याला नवीन काही शिकवणारं कोणी नाही. मेनलाइन म्हणजे मुख्य पाटावरचा पाटकरी. त्याला जगभरची माणसं मिळून शिकवतात, चुकला तर सगळ्यांसमोर चुकतो, आणि कोणी ना कोणी दुरुस्त करतं."

"आणि नवीन आल्यावर जुन्याला पेन्शन?" हे म्हणाले.

"जुना त्याच्या मेमरी कार्डावर तसाच ठेवणार, नवा दुसऱ्या कार्डावर. नाहीच जमलं तर परत बोलवायचा."

"मग हरकत नाही," म्हणाले. कारखान्यातला माणूस, जुना पार्ट फेकत नाही म्हटल्यावर खूश. जुनं मेमरी कार्ड मी हळदीकुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवलं. ते काढताना उगाच वाईट वाटलं. तो असताना बोर्डावरचा निळा दिवा जळायचा, एकसारखा, नंदादीपासारखा. सकाळी मोटारीच्या खोलीचं दार उघडलं की आधी तो दिसायचा.

नवा कर्नल पहिल्या दिवशी उठलाच नाही. नुसता अंधार. मग कळलं की त्याला आधी एक नकाशा द्यावा लागतो. जुना ठेकेदाराचा होता, त्याच्या डोक्यात सगळं भरून दिलेलं होतं, कुठली वायर कुठं जाते. नवा कुणाचं काही गृहीत धरत नाही. मला लिहून द्या, म्हणतो, कोणत्या पायाला काय जोडलंय. माझी चूक अशी की मी भलत्याच बोर्डाचा नकाशा दिला होता. माणूस ओझरला उतरवायचा आणि हातात वणीचा रस्ता द्यायचा, तसं झालं. बरोबर नकाशा दिला आणि दिवा लागला. पण कसा? टुक-टुक, थांबायचा, परत टुक-टुक. मी घाबरले. विचारलं तर कळलं, तसाच असतो तो. हृदयासारखा. चालू आहे म्हणून दाखवतो.

हे बघायला आले. चष्मा वर करून म्हणाले, "हा तर जिवंत वाटतोय."

वाय-फाय लागलं, तारीख आपोआप बरोबर आली. मग मी दोन व्हॉल्व्ह नकाशात लिहिले. नावं दिली वरली आणि खालली. मंडळीतल्या एकाच्या नमुन्यावरून उतरवलं, एखादीनं शेजारणीच्या स्वेटरची वीण उतरवावी तसं, शब्दाला शब्द. पाळ्यांचा प्रोग्राम जुनाच ठेवला. एकदा ह्याला, एकदा त्याला हुकूम देऊन बघितलं, आतून टक आवाज आला. टक म्हणजे झालं. मी घरी येऊन साखर तोंडात टाकली.

आणि चार-सहा दिवसांनी धाकटी भिंतीपाशी आली. ह्या वेळी भिंतीच्या अलीकडंच आली.

"अक्का, आज पाळी कुणाची?"

"तुझी. काल पण तुझीच होती."

"मग या जरा."

मला हाताला धरून नेलं तिनं. आमच्या गुलाबाच्या बुडाशी चिखल. नळ्यांतून थेंब पडतायत, टप टप. आणि तिच्या झेंडूची पानं खाली मान घातलेली, माती भुरभुरीत.

मी म्हटलं, "असं कसं? श्रीखंडात तर दाखवतंय वरली बंद."

"तुमचं श्रीखंड दाखवतंय. माझे डोळे बी दाखवतात."

"अगं, मी काही मुद्दाम..."

"मी कुठं म्हणते मुद्दाम? कंप्युटर तुमचा. त्याला शिकवणाऱ्या तुम्ही. आणि दोन पाळ्यांचं पाणी बी तुमच्याच गुलाबात. सगळं कसं जुळून आलंय, एवढंच म्हणते."

इतक्या वर्षांत आम्ही कशावरून कशावरून भांडलो असू. पण पाण्यावरून कधीच नाही. पाटकऱ्याच्या मुलीला कोणी पाणी चोरलं म्हणावं, ह्यापेक्षा तोंडात मारलेलं बरं. ती जाता जाता म्हणाली, "उद्या पाणाड्या येतोय. पोरानं बोलावलाय." आणि मागं न बघता गेली.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ते चालत्या मशीनचं वाक्य म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले नाहीत. त्यांनीच माझ्यासाठी चहा ठेवला, हे त्याहून वाईट.

सकाळी पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून खालच्या वावरात फिरायला लागला. जिथं पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो म्हणतात. पुतण्या त्याच्या मागं मागं, हातात चुन्याची पिशवी, खूण करायला. धाकटी बांधावर उभी. मी मोटारीच्या खोलीत, समोर तो दिवा टुक-टुक, टुक-टुक. वीज आली, मोटार घुमायला लागली. मला काय सुचलं कोण जाणे, मी दारातून हाक मारली, "अगं ए! तुझ्या व्हॉल्व्हपाशी जाऊन उभी राहा!"

"आता कशाला? परीक्षा घ्यायची काय माझी?"

"तुझी नाही. ह्याची. मी विचारते, तू बघून सांग. दोन मिनिटं. मग मार तुझी बोअर."

ती गेली. कुरकुरत का होईना, गेली. मी श्रीखंडाला हुकूम दिला, खालची फळी काढ. आणि ओरडले, "खालली फळी शे का?"

किती वर्षांनी ओरडले. आवाज चिरकला. तिकडून आला तिचा आवाज, नाकातला, पूर्वीसारखा नाही पण त्याच वळणाचा, "शे!"

म्हणजे बंद. काढ म्हटली तर लागली.

मी उलटा हुकूम दिला. खालची फळी लाव. "आता शे का?"

"नही! नही अक्का! पाणी आलं!"

लाव म्हटली तर निघाली.

ती तिथूनच ओरडली, "हा काढ म्हटलं की लावतो आन् लाव म्हटलं की काढतो! कुणाचा पाहुणा हाय हा?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

ते व्हॉल्व्ह चालवणारं जे बटण असतं ना डब्यात, ते उलट्या काळजाचं. त्याला शून्य दिलं की व्हॉल्व्ह उघडणार, एक दिलं की बंद. स्वस्तातली बटणं तशीच येतात. सगळे लोक त्यावरून वैतागतात. मला मात्र पहिल्या दिवसापासून ते अगदी सरळ वाटलं होतं. कारण मी पाणी मोजतच नव्हते, फळ्या मोजत होते. एक म्हणजे एक फळी आहे. शे. पाणी बंद. शून्य म्हणजे फळी नाही. नही. पाणी चालू. माझा सगळा प्रोग्राम बापाच्या हाकेत लिहिलेला होता, आणि जुना कर्नल तो जसाच्या तसा वायरीपर्यंत पोचवायचा.

नव्याच्या नकाशात मी जो नमुना शब्दाला शब्द उतरवला, त्यात एक शब्द होता, ॲक्टिव्ह लो. त्याचा अर्थ, हे बटण उलटं आहे, तेव्हा आतल्या आत तू उलटवून घे. म्हणजे आता त्याला एक म्हटलं की तो समजणार पाणी चालू. माझ्यासारख्या नाही, शहाण्या माणसांच्या सोयीसाठी ठेवलेला शब्द. मी फळी म्हणत होते आणि तो पाणी ऐकत होता. आणि एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडायचा असल्यामुळं, तिची प्रत्येक पाळी सरळ माझ्याकडं आणि माझी तिच्याकडं. तिच्या दोन, माझी एक. मी नुसता टक आवाज ऐकून घरी गेले होते. बापानं शिकवलेलं विसरले होते, की दुसऱ्या टोकाला माणूस उभं करून विचारायचं.

धाकटी धापा टाकत वर आली. मी तिला हे सगळं सांगितलं, शून्य आणि एक बोटांवर धरून. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमच्या आबांची फळी त्याला कळंना."

"कळेना."

"मग त्याला शिकवा. का मी शिकवू? श्येऽऽ म्हणायला?"

आणि ती हसली. मीही हसले. हसता हसता मला रडू यायला लागलं, तर ती म्हणाली, "आता रडू नका, मागच्या वेळी रडलो तर पाणी रस्त्यावर गेलं होतं." तिच्या लक्षात होतं.

तेवढ्यात खालून पुतण्या ओरडला, "आई, उभा राहिला! नारळ उभा राहिला!"

आम्ही दोघी दारातून बघितलं. पाणाड्या खालच्या वावरातून फिरत फिरत वर आला होता आणि आमच्या विहिरीच्या कठड्याला जवळजवळ टेकून उभा होता. नारळ तळहातावर ताठ.

"इथं लय पाणी हाय, मावशी," तो गंभीर होऊन म्हणाला.

"ते आम्हाला बी माहीत हाय, बाबा," धाकटी म्हणाली. "वाकून बघ, आत विहीर हाय."

पुतण्या चुन्याची पिशवी घेऊन तसाच उभा. "मग बोअरचं काय करायचं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "दसरा होऊ दे. झेंडू पितोय तोवर मला बोलू नको." पाणाड्याला चहा दिला. तो चांगला माणूस होता, नारळ आम्हालाच देऊन गेला.

दुरुस्ती दोन तऱ्हेनं करता आली असती. एक म्हणजे माझा प्रोग्राम बदलायचा, फळीच्या जागी पाणी लिहायचं. मंडळीतल्या त्या ओळखीच्या अनोळखीनं तेच सुचवलं, तीच चांगली रीत म्हणे. दुसरी म्हणजे नकाशातला तो एक शब्द काढून टाकायचा. मी शब्द काढला. लिहून कळवलं त्याला, की आमच्याकडं फळी मोजतात. त्यानं उत्तर दिलं, "मी असं कधी करणार नाही. पण तुमच्याकडं चालत असेल तर छान." मनातल्या मनात मी म्हटलं, तू कधी चिखलात उभा राहिला असतास तर केलं असतंस.

मग राहिलेलं पाणी आधी तिच्याकडं लावलं, आमच्या पाळ्या सोडून. गुलाब काय आधीच चापून प्याले होते. झेंडू पुरता सावरला नाही, खालच्या कडेच्या दोन ओळी गेल्याच. पण बाकीचा फुलला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीर पाट्या भरून गंगेवर गेले तेव्हा अख्खी गल्ली पिवळी दिसत होती.

दसऱ्याला आमचे हे हत्यारांची पूजा मांडतात. नोकरीतून सुटून किती वर्षं झाली, पण त्यांचे पाने, कानस, माप घ्यायचा तो स्टीलचा व्हर्नियर, सगळं पाटावर येतं. माझं जुनं फावडं येतं. ह्या वेळी मी करंडा उघडून जुन्या कर्नलचं कार्ड पण ठेवलं. ह्यांनी त्याला हळद लावली, आणि तोंड वळवून म्हणाले, "निवृत्त कर्नलसाहेब. सलाम ठोकू का?"

"आणि चालू कर्नल?"

"तो ड्यूटीवर आहे. त्याला हात लावायचा नाही."

धाकटी हार घेऊन आली. पूर्वी यायची तशी, भिंतीवरून पाय टाकून, ह्या वयात. एक हार देवांना, एक हत्यारांना, आणि एक लहान, चिमणा, श्रीखंडाच्या डब्यासाठी. आत पुरीचा घाणा चालला होता आणि ताटात खरं श्रीखंड होतं. त्यावरून जे विनोद व्हायचे ते झाले.

मग आम्ही दोघी मोटारीच्या खोलीत गेलो, तिनं डब्याला हार घातला तोच वीज आली. खोलीत मोटार घुमली. पाळी कुणाची ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, श्रीखंडालाही माहीत होतं, वाय-फायनं त्याला तारीख दिली होती. विचारायचं काही कारणच नव्हतं. तरी ती हातातली फुलं तशीच घेऊन बांधावरून खाली गेली आणि तिथून, साऱ्या मळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अक्काऽऽ, वरली फळी शे का?"

मी वरच्या व्हॉल्व्हपाशी गेले. वाकून बघितलं. बंद होता.

"शे!" मी म्हटलं.